मराठवाड्याएवढा देश : आपल्या श्रीलंका सहलीचा आराखडा

(१९७९ च्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात, रविवार, १० नोव्हेंबर २०२४ रोजी केलेले भाषण)



मागच्या मेळाव्यात पंगतीत बसल्या बसल्या कुणीतरी म्हणालं, "पुढचा मेळावा परदेशात." तेव्हा सगळे हसले. पण नंतर ग्रुपवर त्या एका वाक्यावरून जी चर्चा सुरू झाली ती दोन महिने चालली. दुबई झाली, थायलंड झालं, एकाने तर थेट स्वित्झर्लंड काढलं. शेवटी श्रीलंकेवर गाडी थांबली. जवळ आहे, परवडण्यासारखं आहे, आणि लंकेचं नाव ऐकलं नाही असं आपल्यात कुणी नाही. आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं अंदाजपत्रकं केली, आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही दोघं नवरा-बायको श्रीलंकेत जाऊन आलो, एवढीच माझी पात्रता. बाहेर प्रचाराच्या गाड्यांचे भोंगे चालू आहेत, त्यामुळे मी जरा मोठ्याने बोलतो. मी काही मागायला उभा नाही, मत तर नाहीच.

पहिली गोष्ट क्षेत्रफळाची. नकाशात श्रीलंका म्हणजे भारताच्या टोकाशी पडलेला पाण्याचा थेंब. तो बघून वाटतं, आठवड्यात गोल फिरून येऊ. पण त्या देशाचं क्षेत्रफळ साधारण ६५ हजार चौरस किलोमीटर आहे, आणि आपल्या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याचंही जवळजवळ तेवढंच. थोडक्यात, आपण जातोय तो देश मराठवाड्याएवढा आहे. एका सहल कंपनीचं पत्रक माझ्याकडे आहे, त्यात सात दिवसांत चौदा ठिकाणं आहेत. आता उलटं करून बघा. उद्या कँडीचा एखादा पाहुणा नांदेडला उतरला आणि म्हणाला, सात दिवसांत सचखंड गुरुद्वारा, माहूर, औंढा नागनाथ, अजिंठा, वेरूळ, पैठण, तुळजापूर, औसा, खरोसा आणि उदगीर दाखवा, तर आपण त्याला काय म्हणू? "बाबा, तुला मराठवाडा बघायचाय का गाडीची खिडकी?" शिवाय आपल्याकडे रस्ते सपाटीचे. तिकडे मधोमध डोंगर उभा आहे, सर्वांत उंच शिखर अडीच हजार मीटरच्या वर. कँडी ते नुवारा एलिया अंतर ८० किलोमीटरच्या आत आहे, पण वळणावळणाने गाडीला तीन तास लागतात.

म्हणून मी एक नियम धरला आहे. दिवसाला गाडीत चार तासांपेक्षा जास्त बसायचं नाही. आपण साठी ओलांडलेली माणसं आहोत. आपल्यात दोघांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्यात, चौघांना साखर आहे, आणि पुरुषांपैकी निम्म्यांना दर दोन तासांनी गाडी थांबवावी लागते. हसू नका, हा आराखड्याचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट महिन्याची. ग्रुपवर बहुमत दिवाळीच्या सुट्टीचं होतं, कारण नातवंडांना सुट्टी. पण आपण नातवंडांना घेऊन जाणार आहोत का? नाही ना? मग दिवाळी सोडून द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या बेटावर जवळजवळ सगळीकडे पाऊस असतो, आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचाही तोच हंगाम. आपले भूगोलाचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांनी आपल्याला मोसमी वाऱ्यांचे बाण वहीत काढायला लावले होते. तेच बाण इथे कामाला येतात. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा कोलंबो, गॉल आणि डोंगर भिजवतो. डिसेंबरपासून ईशान्येचा वारा उत्तर आणि पूर्व भिजवतो. म्हणजे अख्खं बेट एकाच वेळी कोरडं फारसं सापडत नाही. त्यातल्या त्यात फेब्रुवारी बरा. पश्चिम किनारा आणि डोंगर उघडे असतात, आणि उत्तरेकडचा पाऊस नुकताच संपत आलेला असल्याने तिकडचे तलाव काठोकाठ असतात. मला ते तलाव भरलेले दाखवायचे आहेत, म्हणून मी फेब्रुवारी २०२६ म्हणतोय.

तलावांवर मी थोडा वेळ घेणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी चहा घ्यावा.

एप्रिल २०१६ आठवतो का? लातूरकरांनी नीट ऐका. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरवरून प्यायचं पाणी आलं, तेही ज्या मार्गावर आपल्या लहानपणी बार्शी लाइटची अरुंद गाडी धापा टाकत चालायची त्याच मार्गाने. मी तेव्हा नोकरीतच होतो. पाण्याच्या टाकीजवळ घागरींच्या रांगा लागायच्या, आणि गर्दी आवरायला जमावबंदी लावावी लागली होती.

आता श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग बघा. त्याला ते लोक कोरडा पट्टा म्हणतात. कोरडा म्हणजे त्यांच्या हिशेबाने. पाऊस लातूरपेक्षा कितीतरी जास्त, पण तो बहुतेक तीन-चार महिन्यांत पडून जातो आणि मग उन्हाळा. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी त्या राजांनी तिथे तलावामागे तलाव बांधले. पाचव्या शतकात धातुसेन नावाच्या राजाने कला वेव बांधला. वेव म्हणजे तलाव. त्यातून अनुराधपूरपर्यंत सुमारे ८७ किलोमीटरचा कालवा काढला. सुरुवातीच्या टप्प्यात त्या कालव्याचा उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटीमीटर आहे. आमच्या खात्यातली माणसं इथे असतील तर त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. दुर्बीण लावून, पट्टी धरून आम्हाला जे नीट जमवताना घाम फुटायचा ते त्यांनी कशाने मोजलं असेल? धरणाच्या पोटात मोरीच्या तोंडाशी ते दगडी विहिरीसारखा चौकोनी हौद बांधत, त्याला बिसोकोटुव म्हणतात. पाण्याचा दाब तिथे मोडायचा आणि मग पाणी बेताने बाहेर सोडायचं. मी त्या हौदाच्या काठावर अर्धा तास उभा होतो. बायको गाडीत बसून शेंगा खात होती.

या धातुसेनाची एक कथा त्यांच्या जुन्या बखरीत आहे. त्याचा मुलगा कश्यप याने बापाला कैद केलं आणि खजिना कुठे लपवलाय ते विचारलं. म्हातारा राजा त्या लोकांना कला वेवच्या काठावर घेऊन गेला, पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला की माझं सगळं धन हेच. मुलाने त्याला भिंतीत चिणून मारलं. मग भावाच्या भीतीने तोच कश्यप सिगिरियाच्या खडकावर राजवाडा बांधून राहिला. आज जगभरचे लोक मुलाचा खडक बघायला रांगा लावतात आणि बापाच्या तलावाजवळून गाड्या न थांबता जातात. आपली गाडी थांबेल.

पोलोन्नरुवाला तर बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाचा तलाव आहे, मातीचा बांध साधारण १४ किलोमीटर लांब. पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला जाऊ द्यायचा नाही, असं त्याचं धोरण होतं म्हणतात. त्या तलावाचं नाव पराक्रम समुद्र. नाव ऐकल्याबरोबर मला आपलं कंधार आठवलं. सातवीची सहल गेली होती, किल्ला बघून तळ्याच्या काठावर आपण डबे सोडले होते. त्या राष्ट्रकूटांच्या तळ्याचं नाव जगत्तुंग समुद्र. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसांनीच तळ्याला समुद्र म्हणावं, यात काही नवल नाही. फरक एवढाच की पोलोन्नरुवाच्या समुद्रावर आजही हजारो एकर भात पिकतो. संध्याकाळी त्या बांधावर आपण सगळे चालणार आहोत. सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही.

आता जरा नाजूक विषय. ग्रुपवर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो अशोकवाटिका, सीतामाईचं मंदिर, हनुमानाचं मंदिर हेच मुख्य. बाकी वेळ उरला तर. दुसरा पक्ष म्हणतो अनुराधपूरचा बोधिवृक्ष नसेल तर आम्ही येत नाही. दोन-तीन दिवस ग्रुपवर जी भाषा झाली ती इथे सांगत नाही. ज्यांनी लिहिली त्यांनी आज एकाच ताटात जिलेबी खाल्लेली मी पाहिली आहे.

माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही आराखड्यात आहेत, आणि कोणतंही "वेळ उरला तर" मध्ये नाही. अनुराधपूरला अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या वृक्षाची फांदी घेऊन गेली, ते झाड बावीसशे वर्षांहून जास्त काळ तिथे जपलं आहे. शेजारीच मिहिंतले, जिथे अशोकाचा मुलगा महिंद पोचला. आपल्या वर्गातल्या कितीजणांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे ते मला सांगायला नको. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब स्वतः श्रीलंकेला गेले होते, धर्मांतराच्या सहा वर्षं आधी. त्या वाटेने जायची इच्छा असणाऱ्याला अर्धा दिवस देऊन भागत नाही, म्हणून अनुराधपूरला मी पूर्ण दीड दिवस ठेवला आहे. आणि सीतेचं मंदिर नुवारा एलियाच्या जवळ, ओढ्याकाठी आहे. लहानसंच आहे. तिथे भव्य काही सापडेल म्हणून जाऊ नका. थंड हवा, झाडी, वाहतं पाणी, आणि पूजा करणारे तमिळ लोक. त्यातल्या कित्येकांचे पणजोबा इंग्रजांनी मजूर म्हणून तिथल्या मळ्यांत नेलेले. मला ते मंदिर आवडलं ते त्या माणसांमुळे.

दोन्ही पक्षांना एक ठिकाण मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं आहे, कोलंबोजवळचा केळणीचा विहार. बुद्ध स्वतः इथे आले होते अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. आणि त्याच आवारात बिभीषणाचं देऊळ आहे. रावणाच्या भावाला बौद्ध लोक रक्षक देव म्हणून फुलं वाहतात. तिथे दोन्ही पक्षांनी एका रांगेत उभं राहायचं आहे, फोटो मी काढीन. फोटोवरून आठवलं, तिकडे बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं फार वाईट मानतात. सेल्फीवाल्यांनी लक्षात ठेवा. विहारात पांढरे किंवा फिके कपडे, खांदे-गुडघे झाकलेले, चपला बाहेर.

बाकी मार्ग भराभर सांगतो. हैदराबादहून निघायचं, नांदेडकरांना आणि लातूरकरांना दोघांनाही मुंबईपेक्षा तेच सोयीचं. थेट विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर चेन्नईमार्गे. पहिली रात्र विमानतळाजवळ निगंबोला नुसती झोप. मग अनुराधपूर, कला वेव, सिगिरिया, पोलोन्नरुवा, दांबुल्लाची लेणी, कँडी. कँडीहून नानु ओयापर्यंत डोंगरातली रेल्वे, साधारण चार तास, दोन्ही बाजूंना चहाचे मळे. आरक्षण महिनाभर आधी खुलतं आणि भराभर संपतं, म्हणून ते काम बँकेतल्या आपल्या मित्राकडे. पहाटे उठायची सवय त्यालाच आहे. सामान गाडीने पुढे जाईल. नुवारा एलियाला दोन रात्री. तिथून गॉलला उतरायचा एक दिवस लांबचा आहे, सहा तासांच्या वर. तेवढा एकच दिवस माझा नियम मोडतो, पण त्याशिवाय समुद्र दिसत नाही, आणि मराठवाड्यातून बेटावर जाऊन समुद्रात पाय बुडवले नाहीत तर गावात तोंड दाखवता येणार नाही. जाफना, त्रिंकोमाली, एला आणि यालाचं जंगल मी काढून टाकलं आहे. ज्यांना बिबट्या बघायचाय त्यांनी पुन्हा जावं. एकूण अकरा रात्री.

सिगिरियाचं थोडं. वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. निम्म्या वाटेवर खडकाच्या पोटात ती प्रसिद्ध चित्रं आहेत, पाचव्या शतकातली, म्हणजे आपल्या अजिंठ्याच्या उत्तरकाळाची समकालीन. उलट अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल राजाच्या लंकास्वारीचं मोठं चित्र आहे. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांनी निघण्याआधी एकदा बघून या, तिकडची चित्रं जास्त कळतील. चढणं ज्यांना झेपणार नाही त्यांनी पायथ्याच्या बागांत थांबायचं. तिथे कश्यपाच्या काळचे हौद आणि कारंजी आहेत, पाऊस चांगला झाला तर ती कारंजी अजून उडतात. भूगोलाच्या सरांनी यायचं कबूल केलं, तर माझा मुक्काम त्यांच्यासोबत खाली. वरचा राजवाडा मी एकदा पाहिला आहे, कारंजी पुन्हा बघायची आहेत.

गॉलकडे जाताना पेरालिया नावाचं गाव लागतं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीच्या लाटेत तिथे एक भरलेली प्रवासी रेल्वे वाहून गेली, हजाराच्या वर माणसं गेली. रस्त्याला लागून बुद्धाची उंच उभी मूर्ती आहे. तिथे आम्ही थांबलो तेव्हा शेजारच्या दुकानातल्या बाईने विचारलं, कुठून आलात? लातूर सांगून तिला काय कळणार! मी म्हटलं, आमच्याकडे १९९३ साली पहाटे भूकंप झाला होता. ती काही बोलली नाही. आतून दोन शहाळी फोडून आणून दिली आणि पैसे घेतले नाहीत. आपल्यातले दोघे किल्लारीच्या बाजूचे आहेत. त्यांची तयारी असेल तरच गाडी तिथे थांबेल, हे मी त्यांना आधीच विचारलं आहे. दोघेही थांबू म्हणाले.

जेवणाचं. भात, नारळाची कालवणं, आप्पम, शेवयांसारखे इडिआप्पम. चव चांगली आहे. पण शाकाहारी मंडळींनी सावध राहा. तिकडे भाजीत आणि नारळाच्या चटणीतसुद्धा सुक्या माशाची भुकटी टाकतात, तिला उम्बलकड म्हणतात, आणि तो मासा आहे असं त्यांना वाटतच नाही. "मांस नको" म्हणून भागत नाही, नाव घेऊन "उम्बलकड नको" म्हणायचं. ज्वारीची भाकरी बारा दिवस विसरा. धपाटे चार दिवस टिकतील, शेंगादाण्याची चटणी शेवटपर्यंत. दर पौर्णिमेला तिथे सुट्टी असते आणि त्या दिवशी दारू विकत नाहीत. तारीख मी ठरवताना मुद्दाम पौर्णिमा मध्ये घेणार आहे. कुणाकडे बघत नाही मी.

आता खरी अडचण. पासपोर्ट. मी चौकशी केली, एकोणीसजण यायचं म्हणतात आणि त्यातल्या अकराजणांकडे पासपोर्टच नाही. नांदेडला आणि लातूरला टपाल कार्यालयातच पासपोर्टचं काम होतं, तेव्हा मुंबई-नागपूरला पळायची गरज नाही. गोंधळ होतो तो नावात आणि तारखेत. आपल्या वर्गात १ जूनला जन्मलेले किती आहेत? हात वर करा. बघा, पंधरा! हेडमास्तरांनी शाळेत घालताना सोयीने टाकलेली तारीख. ती चालते, पण आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला या सगळ्यांवर तीच पाहिजे. मैत्रिणींची अडचण जास्त. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि एकीच्या बँकेच्या पुस्तकावर तिसरंच. हे दुरुस्त करायला महिने जातात, म्हणून आजपासून. दाखल्याची दुसरी प्रत लागली तर शाळेचे लिपिक काढून द्यायला तयार आहेत, मी सकाळी त्यांच्याशी बोललो. श्रीलंकेच्या परवानगीचे नियम अलीकडे वारंवार बदलतायत, ते तिकीट काढायच्या वेळी बघू.

आणि पैसे. माझ्या हिशेबाने माणशी पंच्याहत्तर हजार. या महिन्यापासून जानेवारी २०२६ पर्यंत पंधरा महिने होतात, म्हणजे महिन्याला पाच हजारांची भिशी. मला माहीत आहे, इथे असे चारजण आहेत ज्यांना पाच हजार जड आहेत. यंदा सोयाबीनला काय भाव मिळाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यापैकी एकाने मला फोन करून सांगितलं, "तुम्ही जाऊन या, मी फोटो बघीन." वर्गात तो माझ्या बाकावर बसायचा, आणि नववीत माझी फी त्याच्या वडिलांनी भरली होती. म्हणून भिशीची पद्धत अशी ठरली आहे. प्रत्येकाने जमेल तेवढं पाकिटात घालून खजिनदार बाईंकडे द्यायचं. पाच हजार द्या, दोन द्या, दहा द्या. कुणी किती दिले ते फक्त त्यांच्या वहीत राहील, आणि ती वही मलासुद्धा दिसणार नाही. ज्या पाचजणांना आज आपण सुरुवातीला उभं राहून आठवलं, त्यातल्या दोघांच्या पत्नीही येऊ म्हणतात. त्या आपल्या वर्गाच्याच धरल्या आहेत.

एक वही मागच्या रांगेकडून पाठवतोय. नाव, फोन नंबर, पासपोर्ट आहे की नाही, आणि पायऱ्या चढणार की खाली थांबणार, एवढंच लिहा. पासपोर्टचे अर्ज ३१ जानेवारीच्या आत. सर, तुमचं नाव मी आधीच लिहून टाकलंय, नको असेल तर खोडा.